आत जाण्याआधी दार बघ

पोरी,

वहिनी फोनवर म्हणाली, की जुलैत तुम्ही सगळे ऑर्लँडोला निघालात. तू, जावईबापू, दोन्ही पोरं आणि गावाहून येणारे तुझे सासू-सासरे. किसिमीला घर भाड्यानं घेतलंय, डिस्नेची तिकिटंही काढलीत. वहिनी खुशीत होती. मला मात्र पहिल्यांदा आठवलं ते तुझं जीव घुसमटणं. लिफ्टमध्ये एक माणूस जास्त चढला की तुझा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. त्या बागेत तर बंद खोल्या, अंधारे बोगदे आणि मांडीवर आवळणारे दांडे हाच खेळ आहे. म्हणून हे लिहिते. आयुष्यभर रुग्णालयात नर्स म्हणून काम केलं, स्वतःला हेच दुखणं, आणि मुलाकडे गेले होते तेव्हा ही बाग पायाखालून घातली. या विषयावर बोलायचा मला थोडाफार हक्क आहे असं समज.

आपल्या घराण्यात ही धास्ती तुझ्यापासून सुरू झालेली नाही. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, माळकरी. पंढरपूर चुकवायची नाही. पण आषाढीच्या गर्दीत गाभाऱ्याकडे सरकणाऱ्या त्या कोंदट रांगेत तिनं कधी पाय ठेवला नाही. नामदेव पायरीशी डोकं टेकायची, कळसाला हात जोडायची आणि चंद्रभागेच्या वाळवंटात येऊन बसायची. बरोबरच्या बायका म्हणायच्या, अगं एवढी चालत आलीस आणि विठोबाला न भेटता परत? ती म्हणायची, भेटले की! दिंड्या परतल्या, गर्दी ओसरली, की मग ती आतही जायची. पण त्याआधी देवळाला बाहेरून एक फेरी मारून, आत गेलेली माणसं कुठून बाहेर पडताहेत ते बघून यायची. तिनं मला कानात सांगितलं ते एवढंच, की आत जाण्याआधी बाहेरचं दार बघावं. आणि नाहीच जमलं, तर कळसाचं दर्शन घ्यावं. त्यात कमीपणा मानू नये.

पुढे एमआरआयच्या यंत्रात पेशंट पाठवायची वेळ आली तेव्हा आजीचं म्हणणं मला रोज खरं होताना दिसलं. त्या नळकांड्यात जाणाऱ्याच्या हातात आम्ही एक रबरी फुगा द्यायचो. दाबला की बाहेर घंटी वाजते आणि यंत्र थांबवता येतं. फुगा हातात असला की बहुतेक लोक तो दाबत नसत. थांबवणं आपल्या हातात आहे एवढं कळलं, की निम्मी लढाई तिथंच संपायची. म्हणून तुला पहिलं सांगणं हे, की प्रत्येक राइडचं शेवटचं दार कुठलं ते आधी विचारून घे. शेवटचं दार म्हणजे ज्याच्यानंतर परत फिरता येत नाही ती जागा. रांगेतून केव्हाही बाहेर पडता येतं, कुणी अडवत नाही. गाडीत बसायच्या फलाटावरही पडता येतं. तिथल्या माणसाला, त्यांच्या भाषेत कास्ट मेंबरला, हात वर करून सांगितलं की तो बाजूच्या वाटेनं बाहेर काढतो. दांडा मांडीवर बसला तरी गाडी सुटेपर्यंत तो उघडून देतात. गाडी सुटली, की मग नाही. म्हणजे तुझा निर्णय गाडी सुटायच्या आधीचा. हे पक्कं ठाऊक असलं की रांगेतली पाऊण घटका सुसह्य होते.

आता दुसरी गोष्ट. स्टॅनली रॅकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात बंद जागेच्या भीतीचा बारकाईनं अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं, की ही भीती एक दिसली तरी तिच्यात दोन धागे असतात. एक गुदमरण्याचा, म्हणजे हवा पुरणार नाही असं वाटण्याचा. दुसरा जखडलं जाण्याचा, म्हणजे हातपाय हलवता येणार नाहीत याचा. कुणात पहिला ताणलेला असतो, कुणात दुसरा. तुझा कुठला, ते तूच ओळख. मोठ्या, उंच, गार दिवाणखान्यात तुला खुर्चीला पट्ट्यानं बांधून बसवलं तर जास्त घाबरशील, की छोट्या, माणसांनी भरलेल्या खोलीत मोकळ्या हातांनी उभं केलं तर? माझं उत्तर दुसरं आहे. तुझं वेगळं असू शकेल, आणि मग तुझी यादीही माझ्यापेक्षा वेगळी होईल. ‘अमकी राइड सोपी आहे’ असं सांगणाऱ्या मैत्रिणींचं ऐकून रांगेत उभी राहू नकोस, त्याचं कारण हेच.

उदाहरणच घे. डिस्नेच्या तिथं चार बागा आहेत, मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. त्यातल्या ॲनिमल किंगडममध्ये ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ आहे, अवतार सिनेमावरची. तिथं मोटारसायकलवर बसल्यासारखं बसायचं, आणि मागून पाठीवर आणि पोटऱ्यांवर पकड येऊन घट्ट बसते. जखडण्याची भीती असलेल्याला ती नकोशी होते. पण समोरचं उघडलं की भलामोठा पडदा, वारा, पाण्याचा वास. गुदमरण्याची भीती असलेला माणूस तिथं खुशाल बसतो. प्रवेशापाशी नमुन्याची एक सीट ठेवलेली असते. मुकाट्यानं तिच्यावर बसून बघ, मगच रांगेत जा. एप्कॉटमधल्या ‘मिशन: स्पेस’चं उलटं. चार माणसांची डबी, दार बंद, समोरची पाटी तोंडाशी येते. तिथं नारिंगी आणि हिरवा असे दोन प्रकार आहेत. हिरव्यात ते गरगर फिरवत नाहीत, म्हणून लोक त्याला सौम्य म्हणतात. डबी मात्र दोन्हीकडे तशीच बंद. मला विचारशील तर दोन्ही सोड.

जायच्या आधी घरी थोडा सराव कर. भीतीच्या पायऱ्या करून एकेक पायरी चढायची ही पद्धत जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या त्यांच्या पुस्तकात मांडली, आणि आजही मानसोपचारात तीच वाट सगळ्यात भरवशाची मानतात. तू न्यू जर्सीत राहतेस, तुला सराव शोधायला लांब जायला नको. आधी आपोआप गाडी धुणाऱ्या त्या बोगद्यात जावईबापूंच्या शेजारी बसून जा. फेस काचेवर येतो, बाहेरचं दिसेनासं होतं, आणि दोन-चार मिनिटांत पुन्हा ऊन. तिथं स्वस्थ बसता आलं की मग रविवारी सकाळी गर्दी नसताना हडसन नदीखालचा लिंकन टनेल. अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर लांबी, त्याची पहिली नळी १९३७ पासून चालू आहे. एक पायरी कंटाळवाणी होईपर्यंत पुढची घ्यायची नाही. कंटाळा आला की समज, भीती उतरली.

शिवाय जवळजवळ प्रत्येक राइडचं आतलं चित्रीकरण यूट्यूबवर असतं. स्वयंपाकघरात उजेडात, ओट्याशी उभी राहून बघ. किती मिनिटांची आहे, अंधार कधी होतो, कुठं थांबते, हे माहीत झालं की धसका कमी होतो. काही लोक म्हणतात त्यानं गंमत जाते. जाऊ दे. ‘स्पेस माउंटन’ मॅजिक किंगडममध्ये १९७५ पासून आहे. पूर्ण अंधारात चालते म्हणून भयंकर वेगवान वाटते, पण वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास आणि सगळा कारभार अडीच मिनिटांत आटोपतो. तिथं एकामागे एक असं एकट्यानं बसायचं असतं, हे मात्र लक्षात ठेव. शेजारी हात धरायला कुणी नसतं. आणि रांग लांबलचक अंधाऱ्या बोळातून जाते, ती मला राइडपेक्षा वाईट वाटली. ती इमारत आतून कशी आहे एवढंच बघायचं असेल तर शेजारच्या ‘पीपलमूव्हर’मध्ये बस. बाजूंनी उघडी, संथ गाडी आहे, आणि ती त्याच अंधाऱ्या घुमटातून जरा वेळ जाऊन परत उजेडात येते. पंधरा मिनिटंही लागत नाहीत. ही माझी सगळ्यात आवडती राइड होती, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

प्रवासाची सुरुवात विमानतळापासूनच धर. ऑर्लँडोच्या जुन्या टर्मिनलांवर विमानातून उतरल्यावर मुख्य इमारतीत जायला एका छोट्या स्वयंचलित गाडीत उभं राहावं लागतं. दारं लागतात, बॅगा आणि पोरं अंगावर येतात. ती गाडी मिनिटभरच चालते. सगळे धावत सुटतात तेव्हा तू धावू नकोस. पहिली जाऊ दे, दुसरीत दाराशी उभी राहा.

मॅजिक किंगडमला गाडीनं जाल तेव्हा गाडी लावायची जागा बागेच्या दारात नसते. मधे सेव्हन सीज लगून नावाचं तळं आहे, आणि पलीकडे जायला मोनोरेल किंवा फेरी. सगळं कुटुंब मोनोरेलकडे वळेल, कारण ती दिसायला छान आहे. तू फेरी धर. उघडी, वाऱ्याची, कठड्याशी उभं राहता येतं, आणि समोरून किल्ला हळूहळू जवळ येताना दिसतो. तुझ्या सासूबाईंनाही पायऱ्या न चढता खालच्या डेकवर उभं राहता येईल. हॉलिवूड स्टुडिओज आणि एप्कॉट यांना जोडणारी ‘स्कायलायनर’ नावाची टांगलेली पाळणागाडी आहे. २०१९ च्या सप्टेंबरात ती सुरू झाली आणि आठवडाभरातच एका रात्री बंद पडून लोक काही तास हवेत अडकून राहिले. पाळण्याला खिडक्यांच्या झडपा आहेत, एसी नाही. रोज हजारो लोक तिनं सुखरूप जातात हे खरं, पण तुला त्या हजारांत असायची सक्ती नाही. त्या दोन बागांमध्ये बोट चालते आणि पायवाटही आहे.

बागांचा क्रम तू ठरव, जावईबापूंवर सोडू नकोस. पहिला दिवस ॲनिमल किंगडमचा ठेव. क्षेत्रानं चारांत ती सगळ्यात मोठी, झाडी भरपूर, आणि ‘किलिमांजारो सफारी’ उघड्या ट्रकमधून जिराफ-हत्तींच्या मधून जाते. तिथं दिवस चांगला गेला की मन तयार होतं. तिसऱ्या दिवशी सहज जमणारी गोष्ट पहिल्या दिवशी जमत नाही. मॅजिक किंगडममधे ‘जंगल क्रूझ’ची होडी उघडी, ‘डम्बो’ उघडा, आणि बागेभोवती फिरणारी वाफेच्या इंजिनाची आगगाडीही उघडी. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ बंद इमारतीत आहे खरी, पण उजेड भरपूर आणि होडी मोकळी. फक्त शेवटी उतरायच्या जागी होड्यांची रांग लागून थोडं थांबावं लागू शकतं, तेव्हा दचकू नकोस.

‘हाँटेड मॅन्शन’बद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पोरं तिथं नेणारच. मॅजिक किंगडम १९७१ च्या ऑक्टोबरात उघडली त्या दिवसापासून ही हवेली तिथं आहे. आधी तुम्हाला एका आठकोनी खोलीत दाटीवाटीनं उभं करतात आणि दार नाहीसं होतं. मग भुताचा आवाज मुद्दाम सांगतो, की या खोलीला ना खिडक्या ना दारं, बघा बाहेर पडता येतंय का. भिंती लांबत जातात, दिवे जातात, वरून किंकाळी येते. बघ, आपल्याच भीतीचा कुणीतरी खेळ करून ठेवलाय! कॅलिफोर्नियातल्या मूळ हवेलीत ही खोली खरोखरची लिफ्ट आहे, लोकांना आगगाडीच्या रुळांखालून पलीकडे न्यायला. फ्लोरिडात तशी गरज नव्हती, म्हणून जमीन जागेवरच राहते आणि छत वर जातं. दोन-तीन मिनिटांत समोरची भिंत सरकून वाट उघडते. हे सगळं ठाऊक असूनही नको वाटलं, तर बाहेरच्या कास्ट मेंबरला सांग, की मला ती खोली नको, आतली गाडी चालेल. ते बाजूनं आत नेतात. मी तसंच केलं होतं. त्या मुलीनं एक प्रश्नही विचारला नाही.

अशा दार लागणाऱ्या खोल्या आणखीही राइडच्या आधी असतात, गोष्ट समजावून सांगायला. हॉलिवूड स्टुडिओजमधल्या ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’मध्ये तर गोष्टच अशी, की शत्रू तुम्हाला पकडून नेतो आणि कोठडीत घालतो. एकामागून एक बंद खोल्या, त्यातल्या एकीत खच्चून उभं राहायचं. पोरं त्या स्टार वॉर्ससाठी जीव टाकतील. बापाबरोबर पाठव. त्याच बागेतला ‘टॉवर ऑफ टेरर’ म्हणजे कोसळणारी लिफ्ट आहे. त्यावर शाई खर्च करत नाही.

धाकट्याची उंची भरत नसेल तर ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे. एका मोठ्या माणसानं छोट्याजवळ थांबायचं, बाकीचे जाऊन आले की थांबलेल्यानं पुन्हा पूर्ण रांग न लावता जायचं. तुला बाहेर थांबायला हे आयतं निमित्त आहे. वापर, पण प्रत्येक वेळी त्याच्या आड लपू नकोस. ज्या राइडला जावंसं वाटतंय, व्हिडिओ बघून झालाय, दार कळलंय, तिथं जा. सगळंच टाळलं तर परतल्यावर लिफ्टही नकोशी होईल. टाळण्यानं ही भीती पोसली जाते, हे मी पेशंटांत पाहिलंय.

जुलैत तिथं दुपारी ढग येतात, विजा चमकतात. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद करतात, आणि मग सगळी बाग छपराखाली शिरते. दुकानं, खाण्याच्या जागा, बंद राइडच्या रांगा, सगळं ओसंडतं. तुझ्यासारखीला तीच सगळ्यात वाईट वेळ. त्यामुळे सकाळी दार उघडताना पोचा, दुपारी जेवायला किसिमीला घरी परता, सासऱ्यांना डुलकी काढू दे, आणि संध्याकाळी पुन्हा जा. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी नाही, काचेचं भांडं आणि दारू तेवढी नको. दशम्या, चटणी बरोबर ठेव. उपाशी पोटी धास्ती लवकर चढते.

मॅजिक किंगडममध्ये रात्रीची आतषबाजी बघायला किल्ल्यासमोर पोरं खांद्यावर घेऊन लोक खेटून उभे राहतात. तू तिथं जाऊ नकोस. मेन स्ट्रीट या मुख्य रस्त्याच्या, बागेच्या दाराकडच्या टोकाला, रेल्वे स्टेशनाजवळ उभी राहा. आभाळ तिथूनही तेवढंच दिसतं. संपल्यावर बाहेर पळू नका. लोंढा जाऊ दे. दुकानं बागेची वेळ संपल्यावरही थोडा वेळ उघडी असतात, पोरांना आइस्क्रीम घेऊन दे आणि बाकावर बसा.

एक गोष्ट मात्र अमेरिकेनं तुझ्या-माझ्यासाठीच केली असावी. तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांची दारं खाली वीतभर आणि बाजूंनी फटीएवढी उघडी असतात. लोकांना त्याचा संकोच वाटतो. मला फार बरं वाटलं.

आता धास्ती आलीच तर. छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिरतात, हवा कमी पडतेय असं वाटतं. हवा कमी पडलेली नसते. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि त्या उतरण्यानंच मुंग्या आणि गरगरणं होतं. अशा वेळी लोक ‘खोल श्वास घे’ म्हणतात. ते ऐकून माणूस आणखी हवा ओढतो आणि आणखी बिघडतो. तू सोडण्याकडे लक्ष दे. चार अंक मोजत नाकानं आत, सहा मोजत ओठ अर्धवट मिटून बाहेर. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय कुणी सुचवला तर करू नकोस. दमा किंवा हृदयाचं काही असेल तर तो अंगाशी येतो. पाय जमिनीवर दाबून उभी राहा, गार पाण्याची बाटली मनगटाला लाव, आलेपाकाची वडी तोंडात ठेव. लाट साधारण दहा मिनिटांत माथ्यावर जाते आणि उतरायला लागते. बेशुद्ध पडशील असं वाटेल, पण या भीतीत रक्तदाब चढलेला असतो, त्यामुळे सहसा कुणी पडत नाही. बंद खोली हवाबंद नसते, लिफ्टलाही हवेच्या फटी ठेवलेल्या असतात.

चारही बागांत प्रथमोपचाराची खोली असते. मॅजिक किंगडममध्ये ती मेन स्ट्रीटच्या किल्ल्याकडच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस या हॉटेलाच्या शेजारी आहे. शांत, गार, आडवं व्हायला जागा, नर्स हजर. पहिल्याच दिवशी बघून ठेव. सासऱ्यांना कधी छातीत दाबल्यासारखं झालं, हातात कळ गेली, दरदरून घाम सुटला, तर ती उन्हाची किंवा गर्दीची भीती समजून बसवून ठेवू नका. ताबडतोब मदत बोलवा.

गोळ्यांचं सांगते. भारतातून येणाऱ्यांच्या डब्यात झोपेच्या, चिंतेच्या गोळ्यांची एखादी पट्टी असतेच. सासूबाईंची गोळी तू घ्यायची नाही. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, गाडी चालवता येत नाही, पोरांवर लक्ष राहत नाही. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला चालत नाही. हवीच वाटली तर आधी तुझ्या डॉक्टरशी बोल, आणि पहिला डोस घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघ. बागेत पहिल्यांदा नको.

शेवटी माणसं. खरा त्रास राइडपेक्षा भिडेचा असतो. एकेका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर, त्यामुळे आपल्या लोकांच्या डोक्यात ‘पैसे वसूल’चं चक्र सुरू होतं. एवढे भरलेत, आणि तू बाहेर बसणार? याला उत्तर तयार ठेव. पैसे पोरांसाठी भरलेत, आणि त्यांची आई दिवसभर हसती राहिली तर ते वसूल होतात. जावईबापूंना सांग, ‘काही होत नाही’ असं त्यांनी म्हणायचं नाही. आपल्याला काहीतरी होतंय म्हणूनच आपण घाबरलेलो असतो. त्यांनी फक्त किती वेळ राहिला ते सांगावं, ‘अजून दोन मिनिटं’, ‘आता दार उघडेल’. खूण ठरवा. तू त्यांचा तळवा दोनदा दाबलास, की त्यांनी प्रश्न न विचारता तुला घेऊन बाहेर पडायचं, पोरं आजोबांच्या हाती देऊन. पोरांशी खोटं बोलू नकोस, आणि भीती रंगवूनही सांगू नकोस. आईला बंद खोली आवडत नाही, आई बाहेर थांबते, एवढं त्यांना पुरतं. मोठी विचारेल, तिला व्हिडिओ दाखव. जायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे.

आणि सासूबाईंपासून लपवू नकोस. ‘हाँटेड मॅन्शन’च्या दारात उभं राहून, मागं शंभर माणसं असताना, त्यांना पहिल्यांदा समजावून सांगणं म्हणजे नसता ताप. त्या चिडणार नाहीत. त्यांच्या वयाच्या कितीतरी बायका देवळाच्या रांगेत कडेला उभ्या राहणाऱ्या आहेत, फक्त कुणी बोलत नाही. कुणी सांगावं, त्यांनाही फेरीचा वारा हवा असेल. त्यांचं विमान मुंबईहून सुटायच्या आधी, आजच त्यांना फोन कर.

तुझी आत्या